तिन्ही प्रोटोकॉल चालू ठेवा

“तिन्ही चालू करा,” राजनभाऊ म्हणाले.

“कशासाठी?” मी विचारलं.

“आहेत म्हणून.”

या उत्तराला काय प्रत्युत्तर द्यायचं हे इंजिनिअरिंगला शिकवत नाहीत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जळगावच्या एमआयडीसीतल्या एका ऑफसेट प्रेसच्या केबिनमध्ये आम्ही बसलो होतो. मी नेटवर्किंगची कामं करायचो. म्हणजे ऑफिसातले कॉम्प्युटर केबलने एकमेकांना जोडून द्यायचे आणि ते बोलेनासे झाले की शिव्या खायला परत यायचं. टेबलावर खोक्यातून नुकताच काढलेला एक करडा डबा होता, शिलाई मशीनच्या झाकणाएवढा. त्यात हार्ड डिस्क होत्या आणि मागे केबल लावायला एक भोक. याला नेटवर्क स्टोरेज म्हणतात. प्रेसमधल्या सगळ्या कॉम्प्युटरनी आपल्या फाइली या एकाच डब्यात ठेवायच्या, म्हणजे फ्लॉपी हातात घेऊन या खोलीतून त्या खोलीत पळायला नको.

अडचण अशी की प्रेसमध्ये तीन जातींचे कॉम्प्युटर होते. डिझाइनला मॅक. टायपिंगला विंडोज. हिशेबाला युनिक्सचं एक जुनं मशीन, ज्याच्या जवळ अकाउंटंट कोणाला फिरकू देत नसे. डब्याशी बोलायची प्रत्येकाची रीत वेगळी. ‘मला ही फाइल दे’, ‘ही घे, ठेव’, ‘मी वापरतोय, दुसऱ्याला हात लावू देऊ नको’, हे सगळं कुठल्या शब्दांत सांगायचं याचे ठरलेले नियम असतात. त्यांना प्रोटोकॉल म्हणायचं. मॅक ॲपलटॉकमधून बोलायचे, विंडोज एसएमबीमधून, युनिक्स एनएफएसमधून. डब्याला तिन्ही येत होते. विकणाऱ्याने तेवढ्यावरच तो विकला होता.

“डिझाइनच्या फोल्डरला फक्त ॲपलटॉक देऊ,” मी म्हणालो. “टायपिंगच्या फोल्डरला फक्त एसएमबी. हिशेब वेगळा. एका फोल्डरला एकच दार.”

“मिस्टर सोनवणे,” राजनभाऊ म्हणाले. ते पुण्याहून मॅनेजमेंट शिकून आले होते आणि मला मिस्टर म्हणणारे जळगावातले एकमेव गृहस्थ होते. “तुम्ही भिंती बांधताय. मला भिंती पाडायच्या आहेत. कुणीही, कुठूनही, कोणतीही फाइल. ओपन!”

“एकच फाइल दोघांनी दोन दारांतून उघडली तर?”

“तर काय? टीमवर्क.”

मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. एखादा माणूस फाइल उघडून काम करत असला की डबा त्या फाइलीला कुलूप लावतो. दुसरा आला की त्याला सांगतो, थांबा, आत माणूस आहे. पण हे कुलूप त्या त्या प्रोटोकॉलपुरतंच. ॲपलटॉकच्या दाराला लावलेलं कुलूप एसएमबीच्या दारातून येणाऱ्याला दिसेल याची खात्री या डब्याच्या पुस्तकात कुठेही दिलेली नाही.

“दिसणार नाही असं तरी दिलंय का?” राजनभाऊंनी विचारलं.

“नाही.”

“मग? निगेटिव्ह थिंकिंग.”

कोपऱ्यात आबा बसले होते. राजनभाऊंचे वडील. पायाने चालवायच्या छपाई यंत्रापासून त्यांनी ही प्रेस उभी केली होती. आबा माझ्याशी अहिराणीत बोलत, राजनभाऊ इंग्रजीत. मराठीत बोलायला मला टायपिंग विभागात जावं लागे.

“सोनवणे,” आबा म्हणाले, “डबामा तीन शेतस ना? मंग बठ्ठा चालू करी टाक. पोऱ्या सांगस तसं कर.”

मी तसं केलं. बठ्ठा, म्हणजे सगळे, चालू. माझं म्हणणं राजनभाऊंना लेखी दिलं. त्यांनी ते कौतुकाने फाइल केलं, बहुधा डब्यातच. डब्याला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. नारळाचं पाणी हवा जायच्या जाळीत जाऊ नये म्हणून मी मध्ये हात धरला, एवढंच त्या दिवशीचं माझं तांत्रिक योगदान. डब्यासाठी एसीची खोली झाली. मॅकवर काम करणाऱ्या माणसांना पंखा होताच.

काही महिने खरंच छान गेले. फ्लॉप्या बंद झाल्या. राजनभाऊ पाहुण्यांना काचेतून डबा दाखवायचे, आणि पाहुणे मान डोलवायचे. डब्यात पाहण्यासारखं काही नव्हतं, पण खोली गार होती.

मग उन्हाळा आला आणि त्याच्याबरोबर एक दिवस फोन.

“लगेच या,” राजनभाऊ म्हणाले. मिस्टर गायब होतं.

मी पोचलो तेव्हा केबिनमध्ये एक बाई बसल्या होत्या. धुळ्याच्या एका कीटकनाशक कंपनीत त्या क्वालिटी बघायच्या. बैसाणे मॅडम. सकाळच्या एसटीने आल्या होत्या. त्यांच्या समोर टेबलावर औषधाची एक बाटली आणि एक कागद होता. समोर देविदासभाऊ उभे होते. प्रेसचे मॅकवरचे मुख्य ऑपरेटर. पंचेचाळिशीचा माणूस, पूर्वी छपाईचे शिशाचे खिळे जुळवायचा, मग मॅक शिकला. रोज अमळनेरहून रेल्वेने यायचा. आज त्याला कोणी खुर्ची दिली नव्हती.

“वाचा,” मॅडम मला म्हणाल्या.

बाटलीवरच्या लेबलवर लिहिलं होतं: दहा लिटर पाण्यात २५ मिली.

“आता हे वाचा.”

कागद म्हणजे त्याच लेबलचं प्रूफ होतं. छापायच्या आधी गिऱ्हाइकाला दाखवायचा नमुना. त्यावर मॅडमची सही होती. दहा लिटर पाण्यात २.५ मिली.

“पहिल्या मसुद्यात आमच्याच ऑफिसकडून टिंब राहिलं होतं,” मॅडम म्हणाल्या. “ते मी पकडलं. इथे येऊन, यांच्या शेजारी बसून दुरुस्त करून घेतलं. माझ्यासमोर प्रिंट काढली, मी सही केली. आणि छापून आलं ते दहापट.”

“देविदासने जुनी फाइल फिल्मला पाठवली,” राजनभाऊ म्हणाले. “सिंपल.”

फिल्म म्हणजे पारदर्शक कागद, ज्यावरून छपाईची प्लेट बनते. फिल्ममध्ये जे असेल तेच छापलं जातं. प्रूफ बरोबर आणि फिल्म चूक, म्हणजे मधे कोणीतरी घोटाळा केला. आणि मधे तर देविदासच होता.

“मी जुनी फाइल ठेवतच नाही,” देविदासभाऊ म्हणाले. “एकच फाइल आहे. तिच्यातच दुरुस्ती केली. तीच पाठवली.”

“मग टिंब काय उडून गेलं? एप्रिलच्या वाऱ्याने?” राजनभाऊंनी विचारलं. “तुम्हाला दिसतं का नीट? चष्मा बदला. नाहीतर नोकरी बदला.”

देविदासभाऊंनी बाटली उचलून हातात घेतली. ते बाटलीकडे बघत होते. चूक झाली आहे आणि आपल्या हातून झाली आहे, असं त्यांनाही वाटायला लागलं असावं. सतत सांगितलं की माणसाला वाटतं.

मॅडमनी गोदामातला माल थांबवला होता. पण काही खोकी आधीच चोपड्याच्या दुकानदाराकडे गेली होती. कंपनीचा माणूस ती आणायला सकाळीच गेला होता, आणि त्याचा फोन यायचा होता. राजनभाऊंनी तीनदा सांगितलं की काळजीचं कारण नाही. ज्याच्यावर काळजी करायची वेळ येते तो नेहमी दुसराच असतो, त्यामुळे त्यांचं बरोबर होतं.

मी देविदासभाऊंच्या खोलीत गेलो. डब्यातली लेबलची फाइल उघडली. २५ मिली. टिंब नाही. बाकी सगळं जागेवर.

“दुरुस्ती केली तो दिवस आठवतो?”

“मॅडम आल्या होत्या तोच. दुपारच्या जेवणाआधी सेव्ह केली. संध्याकाळी फिल्मला पाठवली.”

“मधे कोणी हात लावला?”

“माझ्या फाइलीला कोण हात लावणार?”

हा प्रश्न घेऊन मी टायपिंग विभागात गेलो. तिथे कल्पनाताई होती, विंडोजवर मजकूर टाइप करणारी, हुशार आणि कामसू. मी विचारलं, कीटकनाशकाच्या लेबलचं काही काम केलं होतं का?

“हो,” ती लगेच म्हणाली. “त्यांच्या ऑफिसचा टेलिफोन नंबर बदलला होता. राजनभाऊंनी सांगितलं, देविदासभाऊंना त्रास नको, तूच बदल. सकाळी फाइल उघडून ठेवली होती, पण नवा नंबर दुपारी मिळाला. तेव्हा बदलला आणि सेव्ह केली.”

“उघडताना मशीन काही म्हणालं?”

“नाही. का?”

मला पुढचं सगळं दिसलं. मी केबिनमध्ये परत गेलो आणि म्हणालो, सगळ्यांनी पाच मिनिटं माझ्याबरोबर यावं. आबाही आले.

डब्यात मी एक नवीन फाइल केली. त्यात एकच शब्द: शेत. देविदासभाऊंना मॅकवर ती उघडायला सांगितली. मग शेजारच्या टायपिंग विभागात कल्पनाताईला तीच फाइल विंडोजवर. दोघांच्याही पडद्यावर ‘शेत’ आलं. कुणालाही काही सूचना नाही, घंटी नाही.

“देविदासभाऊ, शेताखाली ‘आंबा’ लिहा. सेव्ह करा. बंद करा.”

त्यांनी केलं.

“कल्पनाताई, तुझ्या पडद्यावर आंबा आहे?”

“नाही. नुसतं शेत.”

“तू ‘केळी’ लिही आणि सेव्ह कर.”

तिने केलं. मग मी देविदासभाऊंना फाइल पुन्हा उघडायला लावली. शेत, केळी. आंबा गेला होता. देविदासभाऊंच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही. मग त्यांनी खुर्ची मागे ओढली आणि त्या दिवसात पहिल्यांदा बसले.

“कल्पनाताईने सकाळीच उघडलेली प्रत जुनी होती,” मी सांगितलं. “दुपारी ती दुरुस्त प्रतीच्या वरून ठेवली गेली. नवा टेलिफोन नंबर आला, टिंब गेलं. फाइल एकच होती. देविदासभाऊ खरं सांगत होते.”

मग मी दोन्ही बाजूंनी विंडोजच लावून तोच प्रयोग केला. दुसऱ्या मशीनने फाइल उघडताच पडद्यावर सूचना आली की ही दुसऱ्याकडे उघडी आहे, फक्त वाचता येईल. एकाच दाराने आलं की कुलूप दिसतं. दोन दारांनी आलं की नाही.

राजनभाऊंचा चेहरा उजळला.

“म्हणजे कल्पनाने केलं!”

मी फक्त हात जोडायचे बाकी ठेवले. एका माणसाला सोडवायला गेलो आणि दुसरी उभी केली. कल्पनाताई पांढरीफटक पडली होती. तिला टेलिफोन नंबर बदलायला सांगितला होता, तिने बदलला होता, आणि तो बरोबरही होता.

“मी... मला मशीन काही बोललं नाही,” ती म्हणाली.

“थांबा,” बैसाणे मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज वर गेला नाही. “मला नाव नको आहे. मला कारण हवं आहे. मी नाव घेऊन धुळ्याला गेले तर पुढच्या महिन्यात दुसरं नाव घ्यायला परत यावं लागेल. ही दोन दारं कोणी उघडली?”

“ते तसं... सेटिंग होतं,” राजनभाऊ म्हणाले.

मराठीत हे फार सोयीचं वाक्य आहे. सेटिंग होतं. कोणी केलं नव्हतं, कोणी सांगितलं नव्हतं. धुळीसारखं ते आपोआप बसलं होतं.

आबांनी माझ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. “सोनवणेनी सांगेल व्हतं ना तुले?”

“आबा, त्या वेळी बिझनेसच्या दृष्टीने—”

आणि फोन वाजला. चोपड्याहून कंपनीच्या माणसाचा. मॅडमनी घेतला. त्या फक्त ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “आता कसे आहेत?” आणि पुन्हा ऐकत राहिल्या.

खोकी मिळाली होती. काही बाटल्या विकल्या गेल्या होत्या, त्याही दुकानदाराने घरोघर जाऊन परत आणल्या होत्या. एक सोडून. एका गावातले निकम गुरुजी, शाळेत शिकवणारे, थोडी शेती करणारे. त्यांनी आदल्या दिवशी वांग्यांवर फवारणी केली होती. चक्कर आली, उलट्या झाल्या. दवाखान्यात सलाइन लावलं होतं. धोका टळला होता.

राजनभाऊ म्हणाले, “म्हणजे सिरीयस नाही ना?”

मॅडमनी गावाचं नाव लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आबांनी जीप काढली. “तू बी चाल,” मला म्हणाले. बैसाणे मॅडम अमळनेरला आमच्यात येऊन बसल्या. देविदासभाऊ तिथल्या स्टेशनवरून गाडी पकडून प्रेसला जायच्या ऐवजी आमच्याकडे आले आणि मागे बसले. राजनभाऊ आले नाहीत. ते कंपनीला पाठवायच्या खुलाशाचं इंग्रजी बघत होते.

निकम गुरुजी खाटेवर बसले होते. चेहरा उतरलेला, पण बोलत होते. त्यांच्या पत्नीने आम्हाला पाणी दिलं आणि दारातच उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. आबांनी हात जोडले. लेबल आमच्याकडे छापलं, चूक आमची, असं त्यांनी सरळ सांगितलं. या सगळ्या प्रकरणात हे वाक्य बोलणारे ते पहिले होते.

“बाकीच्यांनी पण बाटल्या नेल्या होत्या,” मॅडम म्हणाल्या. “त्यांना काही झालं नाही. देवाची कृपा.”

“देवाची नाही,” गुरुजी म्हणाले. “ते वाचत नाहीत. झाकणाने अंदाजे टाकतात. मी वाचलं. मापाने टाकलं. पंचवीस म्हणजे पंचवीस. मला जास्त वाटलं होतं, मी बायकोला म्हणालो पण होतो. मग वाटलं, छापलंय, म्हणजे कोणीतरी बघितलं असेल.”

बैसाणे मॅडमनी मान खाली घातली. त्यांनी बघितलं होतं. सहीसुद्धा केली होती.

गुरुजींनी आम्हाला वांगी लावलेला जमिनीचा तुकडा दाखवायला मुलीला पाठवलं. पानं कडेने करपली होती, जणू कोणी एकेकाला विस्तव लावला होता. देविदासभाऊ बराच वेळ तिथे उभे होते. परत येताना जीपमध्ये ते पहिल्यांदा बोलले.

“माझी चूक नव्हती, हे काल कळल्यावर मला बरं वाटलं होतं,” ते म्हणाले. “आज तेवढं वाटत नाही.”

मी त्याच संध्याकाळी प्रेसमध्ये जाऊन डब्याची मांडणी बदलली. यावेळी कुणी भिंतींबद्दल बोललं नाही. डिझाइनच्या फोल्डरला फक्त ॲपलटॉक. टायपिंगच्या फोल्डरला फक्त एसएमबी. टायपिंगमधून डिझाइनला काही द्यायचं असेल तर मधे एक देवघेवीचा फोल्डर, जिथून फाइलची नक्कल घ्यायची, तिथेच उघडून बदलायची नाही. एनएफएस बंद केला. अकाउंटंटला सांगायला गेलो तेव्हा कळलं की त्याने तो एकदाही वापरला नव्हता. तो अजून फ्लॉपीच वापरत होता आणि डबा हिशेबाला जोडलेला आहे हे त्याला माझ्याकडूनच कळलं. तिसरं दार इतके महिने कोणासाठी उघडं होतं, हे मी विचारलं नाही.

कंपनीला खुलासा गेला. ‘तांत्रिक कारणामुळे उद्भवलेली विसंगती’ असा शब्दप्रयोग होता. गुरुजींच्या दवाखान्याचं आणि पिकाचं आबांनी बघितलं. कल्पनाताईला कुणी काही म्हणालं नाही, पण तिने त्यानंतर कोणत्याही फाइलीला हात लावण्याआधी सगळ्या खोल्यांत फिरून ‘कोणाची उघडी आहे का’ असं विचारायची सवय लावून घेतली. मांडणी बदलल्यावर त्याची गरज नव्हती. मी तिला तसं सांगितलंही. तिने ऐकून घेतलं आणि विचारत राहिली.

देविदासभाऊंचं मात्र संपलं नाही. त्यांनी राजनभाऊंना केबिनमध्ये जाऊन सांगितलं, “तुम्ही मला सगळ्यांसमोर आंधळा म्हणालात. ते सगळ्यांसमोर मागे घ्या.”

राजनभाऊ म्हणाले, “तसा उद्देश नव्हता.”

“उद्देश विचारला नाही मी.”

“देविदास, आपण आता पुढे बघायला हवं.”

देविदासभाऊंनी पुढे बघितलं. पावसाळा संपला तसं त्यांनी नोकरी सोडली आणि अमळनेरला बाजारपेठेत एका खोलीत स्वतःचं डीटीपी सुरू केलं. एक मॅक, एक प्रिंटर. नेटवर्क नाही, त्यामुळे माझं तिथे काही काम नव्हतं. मी तरी चहाला जायचो. बैसाणे मॅडमनी सहा-आठ महिने त्यांचं काम तपासून पाहिलं आणि मग कंपनीची लेबलं तयार करायचं काम त्यांच्याकडे दिलं. फक्त छपाई जळगावला. राजनभाऊंनी ही व्यवस्था पाहुण्यांना ‘आउटसोर्सिंग’ म्हणून समजावून सांगायला सुरुवात केली.

मी पुढे असे बरेच डबे बसवले. दर वर्षी त्यांना नवीन भाषा येत गेल्या, आणि दर वेळी विकणाऱ्याने त्या मोजून दाखवल्या. खोकं उघडायच्या आधी मी गिऱ्हाइकाला एकच गोष्ट विचारतो: कोणती फाइल कोण, कोणत्या मशीनवरून बदलणार? बहुतेक जण म्हणतात, सगळे, सगळीकडून. मग मी विचारतो, तुम्ही छापता काय? लग्नपत्रिका म्हणाले तर मी फार वाद घालत नाही. नवरदेवाचं नाव चुकलं तर मांडवात शंभर माणसं सांगायला असतात. औषधाचं लेबल म्हणाले तर मी खोक्यावर बसून राहतो, आणि एका फोल्डरचं एकच दार ठरल्याशिवाय उठत नाही. लोकांना वाटतं मी हट्टी आहे. असेन. पण सांगितलेलं नीट वाचून तसंच करणारी माणसं जगात थोडी आहेत, आणि आपल्या चुकीचा पहिला मार त्यांनाच बसतो.